इतर

तीन दिवस, रोजचे साडेतीनशे आणि जेवण,
कुडाळच्या एक नंबर फलाटावर मला टेबल मिळालं.
एक पाय आखूड होता, त्याखाली जुनं वेळापत्रक दुमडून सारलं.
पाठीमागे फ्लेक्स: नवं स्थानक.
काचेचं छप्पर, सरकता जिना, कुंडीत पाम
आणि फिकट निळी माणसं
चाकांच्या बॅगा ओढत, सावली न पाडता चाललेली.

फॉर्मवर नऊ प्रश्न.
लिफ्ट हवी का. हो, नाही.
फूड प्लाझा हवा का. हो, नाही.
आणि सगळ्यात खाली, नखाएवढ्या चौकटीत:
इतर.

पहिल्या दिवशी लोक लाजले.
"सरकारी आसा? मगे नको," म्हणाले.
पेन हातात घेऊन बघितलं, पेन परत दिलं.
एकाने तेही नाही दिलं.

दुसऱ्या दिवशी जयवंती कुबल आली, सुरमई खपवून.
म्हणाली, तू लिही, माझे हात ओले.
"लिफ्ट नको माका.
पाटी टेकूक कमरेएवढो एक कठडो बांधा.
वाकान उचलूची लागता,
मगे रातभर पाठ बोलता."
चौकटीत कठडा मावेना.
मी कागद उलटा केला.

तिथून सगळं मागच्या बाजूला सुरू झालं.

आदम खुल्ली: शेड संपते तिथून पुढे सहा डबे थांबतात.
आमचं तिकीट दर वेळी त्या सहांतलंच कसं निघतं?

वालावलकर बाई, शाळेतून निवृत्त, लाल शाईत:
फ्लेक्सवर 'सुशोभिकरण' आहे. भी दीर्घ.
आधी ते दुरुस्त करा, मग स्थानक.

आत्माराम धुरी काजूगर विकतात, त्यांना दिसत नाही.
त्यांनी सांगितलं, मी लिहिलं:
तिसऱ्या खांबाजवळची फुटकी लादी बदलू नका.
ती डुगडुगली की मला कळतं,
आता उजव्या हाताला नळ.

एक फॉर्म बाकावर राहून गेला होता, बिननावाचा.
"बायकांच्या संडासाला आतून कडी."
त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "बरोबर."
त्याखाली तिसऱ्या: "आणि दिवा."

एका म्हाताऱ्याने नऊही प्रश्न सोडून
मागे फक्त एक मोबाइल नंबर लिहिला.
हा आमचा मुलगा, पनवेलला असतो.
गाड्या वाढवल्यात तर त्याला कळवा.

संध्याकाळी साहेबांचा फोन.
लिफ्टला किती?
एकशे बारा हो.
प्लाझाला?
नव्वद.
इतर?
मी म्हटलं, इतर पुष्कळ.
पुष्कळ हा आकडा नव्हे, साहेब म्हणाले,
आणि रेंज गेली.

तिसऱ्या दिवशी, आवरायच्या वेळेला,
बाबल तेंडोलकर फ्लेक्ससमोर येऊन उभा राहिला.
लाल सदरा, दंडावर बिल्ला, आकडा झिजलेला.
"ह्या चित्रात मी खंय आसंय?"

मी शोधलं. खरंच शोधलं.
कुंडीच्या मागे एक निळा माणूस होता, तोंड नसलेला.
म्हटलं, हे तुम्ही.

त्याने चष्मा सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.
"ह्येच्या हातात कायच नाय."

मग टेबलावरचं मार्कर उचललं
आणि त्या माणसाच्या डोक्यावर एक बोचकं काढलं.
जरा मागे सरून बघितलं.
बोचक्यावर एक फणस ठेवला, देठासकट.

मडगावची गाडी लागत होती.
तो धावला नाही, पण पोचला.

मी घाईघाईत फ्लेक्स गुंडाळला, सुतळी बांधली.
शाई अजून ओली होती, हे नंतर लक्षात आलं.
साहेबांच्या कपाटात तो उलगडेल तेव्हा
काचेच्या छपरावरही
एक फणस उमटलेला असेल.